गुरुदीक्षा आणि विवाह : कॅथलिक परंपरेतील दोन पाचारणे व स्वेच्छेची कसोटी (गोवा, वसई आणि मराठवाडा यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

प्रपंच आणि परमार्थ यांचा परस्परसंबंध हा महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासात सतत चर्चिला गेलेला प्रश्न आहे. मराठवाड्याच्या भूमीला तर या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे परिचित आहेत. आखाडा बाळापूर ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान असल्याचे परंपरा मानते. नामदेव गृहस्थाश्रमी होते. पैठणच्या एकनाथांनी (१५३३-१५९९) संसारात राहूनच परमार्थ साधला. जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेले समर्थ रामदास मात्र बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकताच निघून गेले, अशी आख्यायिका आहे. आपेगावच्या विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात परतले, तेव्हा समाजाने त्यांच्या कुटुंबाला वाळीत टाकले.

ख्रिस्ती धर्माच्या कॅथलिक परंपरेत हाच प्रश्न ‘पाचारण’ या संकल्पनेच्या आधारे मांडला गेला. पाचारण म्हणजे ईश्वराने व्यक्तीला विशिष्ट जीवनमार्गासाठी घातलेली साद. आज ही परंपरा गुरुदीक्षा आणि विवाह ही दोन्ही ईश्वराचीच पाचारणे होत, असे शिकविते. तथापि हा समभाव आरंभापासून नव्हता. अनेक शतके ब्रह्मचर्याला विवाहाहून श्रेष्ठ मानले गेले आणि ‘पाचारण’ हा शब्द प्रामुख्याने धर्मगुरू व व्रतस्थ यांच्यापुरताच वापरला गेला. या शिकवणुकीचा विकास आणि मराठी-कोकणी प्रदेशातील तिचा प्रत्यक्ष व्यवहार यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. गुरुदीक्षा व विवाह यांविषयीच्या कॅथलिक शिकवणुकीच्या ऐतिहासिक विकासाचा आढावा घेणे.
२. गोवा, वसई व मराठवाडा येथील उदाहरणांच्या आधारे शिकवण आणि व्यवहार यांतील अंतर तपासणे.
३. दोन्ही पाचारणांना समान असलेल्या ‘स्वेच्छा’ या निकषाचे महत्त्व स्पष्ट करणे.

श्रेष्ठ-कनिष्ठतेची घडण

नव्या करारात या विषयावर एकच एक विधान आढळत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील एकोणिसाव्या अध्यायात विवाहाच्या अभेद्यतेची शिकवण येते आणि त्यालाच लागून ईश्वरी राज्यासाठी स्वेच्छेने अविवाहित राहणाऱ्यांचा उल्लेख येतो. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात अविवाहित जीवनाची शिफारस केली आहे. परंतु प्रत्येकाला ईश्वराकडून निरनिराळे दान मिळालेले असते, हेही त्याने मान्य केले आहे. प्रेषितांमध्ये अग्रणी असलेला पेत्र विवाहित होता, हे शुभवर्तमानात त्याच्या सासूच्या उल्लेखावरून स्पष्ट होते. आरंभीच्या शतकांत विवाहित धर्मगुरू ही सामान्य बाब होती.

चौथ्या शतकात मठवासी जीवनाचा प्रभाव वाढला, तसे चित्र बदलू लागले. रोममध्ये जोव्हिनियन नावाच्या मठवासीयाने ब्रह्मचारी आणि विवाहित यांची योग्यता समान असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हा त्याच्या मताचा धिक्कार झाला आणि संत जेरोमने ३९३ च्या सुमारास त्याच्याविरुद्ध जळजळीत ग्रंथ लिहिला. संत ऑगस्टीनने मात्र मध्यम मार्ग स्वीकारला. अपत्य, एकनिष्ठा आणि अभेद्य पवित्र बंधन ही विवाहाची तीन सुफळे त्याने सांगितली. तरीही ब्रह्मचर्याचे श्रेष्ठत्व त्याने सोडले नाही. पुढे ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने उच्च दीक्षा घेतलेल्यांचे विवाह अवैध ठरविले आणि पाश्चात्त्य धर्मसभेत धर्मगुरूचे ब्रह्मचर्य कायद्याने दृढ झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. ब्रह्मचर्य हा धर्मसभेच्या शिस्तीचा नियम आहे, श्रद्धेचा सिद्धान्त नव्हे. म्हणूनच रोमशी संलग्न असलेल्या अनेक पौर्वात्य धर्मसभांत विवाहित पुरुषांना आजही गुरुदीक्षा दिली जाते.

मध्ययुगात सात संस्कारांची यादी निश्चित झाली आणि गुरुदीक्षेसोबत विवाहालाही त्यात स्थान मिळाले. येथे एक अंतर्विरोध निर्माण झाला. विवाह हा ईश्वरी कृपेचा संस्कार मानला गेला, परंतु जीवनमार्ग म्हणून त्याचे स्थान दुय्यमच राहिले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने याच अंतर्विरोधावर बोट ठेवले. प्रत्येक प्रामाणिक व्यवसाय आणि गृहस्थजीवन हेही ईश्वराचे पाचारण आहे, असे त्याने प्रतिपादिले. स्वतः मठवासी असलेल्या ल्यूथरने १५२५ मध्ये पूर्वाश्रमीची जोगीण काथारिना फॉन बोरा हिच्याशी विवाह केला.

ट्रेंटची परिषद : श्रेष्ठत्व आणि स्वेच्छा

ल्यूथरप्रणीत आव्हानाला कॅथलिक धर्मसभेने ट्रेंट परिषदेत (१५४५-१५६३) उत्तर दिले. जुलै १५६३ मध्ये गुरुदीक्षेविषयीची शिकवण निश्चित झाली आणि प्रत्येक धर्मप्रांतात गुरुविद्यालय, म्हणजेच सेमिनरी, स्थापन करण्याचा आदेश निघाला. नोव्हेंबर १५६३ मध्ये विवाहाविषयीचे निर्णय झाले. विवाह हा खरा संस्कार असल्याचे परिषदेने निक्षून सांगितले. त्याच वेळी विवाहित अवस्थेला ब्रह्मचर्याहून वरचे स्थान देणाऱ्या मताला तिने बहिष्कृत केले.

इतिहासलेखनात ट्रेंटचा हा श्रेष्ठ-कनिष्ठ भाव बहुधा अधोरेखित केला जातो. त्याच परिषदेने केलेली दुसरी कामगिरी तितकी लक्षात घेतली जात नाही. ‘तामेत्सी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आदेशाने विवाहासाठी धर्मग्रामाचा धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार आवश्यक ठरविले. मात्र आईवडिलांच्या संमतीवाचून झालेले विवाह मुळातच रद्द ठरतात, हे मत परिषदेने अमान्य केले. असे विवाह धर्मसभेला पसंत नव्हते, तरीही विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीने, हे तत्त्व तिने राखले. आपल्या सत्तेखालील माणसांवर विवाहाची सक्ती करणाऱ्या सरदार-अधिकाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा सांगितली. त्यानंतरच्या डिसेंबरमधील अधिवेशनात, स्त्रीला बळजबरीने मठात घालणाऱ्यांनाही तीच शिक्षा सांगण्यात आली आणि मठप्रवेशापूर्वी मुलीची इच्छा बिशपने तपासावी, असे ठरले. म्हणजेच एकीकडे परिषदेने दोन मार्गांत उच्चनीचता मानली, तर दुसरीकडे दोन्ही मार्गांना स्वेच्छेची एकच कसोटी लावली.

या तत्त्वाला मर्यादाही होत्या. विवाहाचे किमान वय मुलीसाठी १२ आणि मुलासाठी १४ वर्षे असेच चालत राहिले. ते १९१७ च्या धर्मविधिसंहितेने अनुक्रमे १४ व १६ केले. बाराव्या वर्षी दिलेली संमती किती स्वतंत्र असणार, हा प्रश्न अर्थातच उरतो.

गोवा व वसई : साद कोणाला ऐकू येते?

ट्रेंटचे निर्णय गोव्यात १५६७ च्या पहिल्या प्रांतिक परिषदेमार्फत लागू करण्यात आले. पुढे गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १५९९ मध्ये केरळात उदयंपेरूर येथे परिषद भरविली. तेथील प्राचीन थोमा ख्रिस्ती समाजात धर्मगुरू विवाहित असत. त्यांच्यावर ब्रह्मचर्याचा नियम लादण्यात आला. विवाहित धर्मगुरूंनी पत्नीपासून दूर व्हावे, असा आदेश निघाला. याच मेनेझिस यांनी १६०६ मध्ये गोव्यात सांता मोनिका हा जोगिणींचा मठ स्थापन केला. तो प्रामुख्याने पोर्तुगीज घराण्यांतील स्त्रियांसाठी होता.

पाचारण ईश्वराकडून येते, परंतु ते खरे की खोटे हे धर्मसभेची संस्था ठरविते. वसाहतीच्या काळात ही संस्था वंश आणि जात यांच्या पूर्वग्रहांपासून मुक्त नव्हती. वसईत १५५७ च्या सुमारास पोर्तुगीज पिता आणि भारतीय माता यांच्या पोटी जन्मलेले गोन्सालो गार्सिया येशूसंघीयांसोबत जपानला गेले. त्यांनी तेथे धर्मप्रचारात साह्य केले. परंतु त्यांना संघात प्रवेश मिळाला नाही. काही काळ व्यापार करून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. गुरुदीक्षा त्यांना कधीच मिळाली नाही. १५९७ मध्ये नागासाकी येथे त्यांनी हौतात्म्य पत्करले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. ज्यांना संस्थेने एका दारातून परत पाठविले, तेच भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत ठरले.

गोव्यातील दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रो यांनाही गुरुदीक्षेसाठी रोम गाठावे लागले. १६३७ मध्ये ते बिशप झाले, पण गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांशी त्यांचा संघर्ष अखेरपर्यंत चालला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातील भारतीय धर्मगुरूंनी स्वतःचा ‘ओरेटरी’ हा संघ उभारला. याच संघातील जोसेफ वाझ (१६५१-१७११) यांनी डच अमलाखालील श्रीलंकेत छुप्या रीतीने कार्य केले आणि २०१५ मध्ये ते संतपदाला पोहोचले. १७८७ च्या पिंटो कटातही वरिष्ठ धर्मपदे नाकारली गेल्याने असंतुष्ट झालेले गोमंतकीय धर्मगुरू अग्रभागी होते. पाचारण नाकारले जाण्याच्या वेदनेला येथे राजकीय रूप प्राप्त झाले.

विवाहाच्या बाबतीत नियंत्रणाचे स्वरूप वेगळे होते. १७३६ मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाने, म्हणजेच इन्क्विझिशनने, ख्रिस्ती कुटुंबांतील हळद, विडा, लग्नगीते यांसारख्या अनेक स्थानिक प्रथांवर बंदी घातली. तरीही लग्नापूर्वी वधूवरांना नारळाच्या दुधाने न्हाऊ घालण्याचा ‘रोस’ हा विधी गोमंतकीय ख्रिस्ती समाजात आजतागायत टिकून आहे.

फारिया कुटुंब आणि विठ्ठलपंत : एक तुलना

दोन पाचारणांमधील ताण एकाच कुटुंबात पाहावयाचा झाल्यास अठराव्या शतकातील फारिया कुटुंबाचे उदाहरण लक्षणीय ठरते. बार्देशातील कोलवाळचे कायतान व्हितोरिन फारिया यांनी धर्मगुरू होण्यासाठी अध्ययन आरंभिले होते. ते अर्धवट सोडून त्यांनी रोझा मारिया द सौझा यांच्याशी विवाह केला. त्यांचे पुत्र जुझे कुस्तोदिओ यांचा जन्म १७५६ मध्ये कांदोळी येथे झाला. पुढे पतिपत्नींत बेबनाव झाला. धर्मसभेच्या परवानगीने ते विभक्त झाले. कायतान यांनी गुरुदीक्षा घेतली आणि रोझा मारिया सांता मोनिका मठात जोगीण झाल्या. १७७१ मध्ये पितापुत्र लिस्बनला गेले. जुझे कुस्तोदिओ यांना १७८० मध्ये रोम येथे गुरुदीक्षा मिळाली. संमोहनशास्त्राच्या इतिहासात ‘आबे फारिया’ या नावाने प्रसिद्ध असलेले गोमंतकीय ते हेच.

या घटनेची विठ्ठलपंतांच्या कथेशी तुलना उद्बोधक आहे. परंपरेनुसार विठ्ठलपंतांनी पत्नी रुक्मिणीची खरी संमती नसताना काशीस जाऊन संन्यास घेतला; वस्तुस्थिती कळताच गुरूंनी त्यांना परत पाठविले. गृहस्थाश्रमात परतलेला संन्यासी धर्मशास्त्राच्या चौकटीत बसत नव्हता. त्याचे प्रायश्चित्त आईवडिलांना देहान्ताने आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताई या मुलांना बहिष्काराने भोगावे लागले. फारिया कुटुंबात प्रवास उलट दिशेने झाला आणि त्यासाठी कायद्यात मार्ग उपलब्ध होता. मध्ययुगीन धर्मविधिशास्त्रानुसार पतिपत्नींना परस्परसंमतीने विभक्त होऊन व्रतस्थ जीवन स्वीकारता येत असे; एकाच्या इच्छेने ते शक्य नव्हते. दोन्ही परंपरांनी, आपापल्या परीने, पत्नीच्या संमतीवाचून घेतलेला संन्यास सदोष मानला, हे साम्य महत्त्वाचे आहे. भेद आहे तो परिणामांचा. एके ठिकाणी संस्थेने दार उघडले, दुसऱ्या ठिकाणी ते कायमचे बंद केले.

तथापि हे दार रोझा मारिया यांच्यासाठी कितपत खुले होते? त्यांच्या पतीसमोर गुरुदीक्षेचा, प्रवासाचा आणि सार्वजनिक जीवनाचा मार्ग होता. त्यांच्यासमोर मठाची भिंत होती. त्यांनी तो मार्ग साद ऐकून स्वीकारला की अन्य पर्याय नव्हता म्हणून, याचे उत्तर पती व पुत्र यांच्या चरित्रांतून मिळत नाही. तेथे त्यांचा उल्लेख ओझरताच येतो. कायद्यातील संमती आणि जीवनातील स्वेच्छा या दोन गोष्टी एकरूप नसतात, हे या उदाहरणातून दिसून येते.

येथे प्रॉटेस्टंट परंपरेतील एका मराठी दांपत्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई टिळकांनी मात्र पतीमागोमाग धर्मांतर न करता १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने तो स्वीकारला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये या पाच वर्षांच्या घालमेलीचे चित्रण त्यांनी स्वतः केले. टिळक ज्या परंपरेत गेले, तेथे धर्मोपदेशकाला विवाहाची मोकळीक असल्याने पती आणि उपदेशक या भूमिका परस्परविरोधी नव्हत्या. परंतु अधिक महत्त्वाची बाब अशी की, या दांपत्यातील पत्नीचा आवाज तिच्याच शब्दांत मराठी वाङ्मयात उपलब्ध आहे.

मराठवाडा : संत सालांचा वारसा

मराठवाड्यात कॅथलिक मिशनकार्याचा पाया ‘संत फ्रान्सिस द सालांचे मिशनरी’ या संघाने घातला. हा संघ पिएर मेर्मिए यांनी १८३८ मध्ये फ्रान्समधील आनसी येथे स्थापन केला. निजामाच्या राज्यात मोडणाऱ्या तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील घोगरगाव येथे या संघाचे कार्य १८९२ मध्ये सुरू झाले. १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. आज हिंगोली जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो.

ज्या संताचे नाव या संघाने धारण केले, त्याचा विचार प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. फ्रान्सिस द साल यांनी १६०९ मध्ये भक्तिजीवनाचा परिचय करून देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो त्यांनी मठवासीयांसाठी नव्हे, तर संसारी माणसांसाठी लिहिला. भक्ती ही सैनिक, कारागीर, राजपुरुष व विवाहित स्त्री या सर्वांना साध्य आहे, मात्र तिचे रूप ज्याच्या त्याच्या अवस्थेला अनुरूप असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ट्रेंटनंतर अवघ्या अर्धशतकात श्रेष्ठ-कनिष्ठतेची चौकट न मोडता त्यांनी गृहस्थाला अध्यात्माचा अधिकार दिला. एकनाथांच्या पैठणपासून जवळच्याच परिसरात याच संताच्या नावाने चालणारे मिशन यावे, हा इतिहासातील अर्थपूर्ण योग होय.

भारतातील ग्रामीण मिशनांचा दैनंदिन व्यवहार मोठ्या प्रमाणात धर्मशिक्षकांवर अवलंबून असे. धर्मगुरू अनेक गावांना मिळून एखादाच असे. प्रार्थना घेणे, मुलांना शिकविणे, विवाहेच्छूंची तयारी करून घेणे ही कामे गावातील धर्मशिक्षक करीत आणि ते बहुधा विवाहित, कुटुंबवत्सल गृहस्थ असत. पाचारणाच्या रूढ परिभाषेत या माणसांना दीर्घकाळ स्थान नव्हते. शिकवण बदलण्यापूर्वीच व्यवहाराने गृहस्थाचे पाचारण सिद्ध केले होते, असे म्हणता येते.

विसाव्या शतकातील परिवर्तन

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुनी श्रेणीव्यवस्था कायम होती. पोप अकरावे पायस यांनी १९३० च्या परिपत्रकात विवाहाच्या प्रतिष्ठेचे विवेचन केले, तर बारावे पायस यांनी १९५४ मध्ये ब्रह्मचर्याच्या श्रेष्ठत्वाचा पुनरुच्चार केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-१९६५) चर्चेची दिशा बदलली. धर्मसभेविषयीच्या १९६४ च्या दस्तऐवजात पावित्र्याचे पाचारण सर्वांना आहे, अशी घोषणा झाली. १९६५ च्या दस्तऐवजांत विवाहाचे वर्णन जीवन व प्रेम यांची जिव्हाळ्याची सहभागिता असे करण्यात आले. ब्रह्मचर्य हे गुरुपदाच्या स्वरूपातूनच अपरिहार्यपणे येत नाही, हेही मान्य झाले. तरीही गुरुविद्यालयांविषयीच्या आदेशात ब्रह्मचर्याच्या अधिक मोलाची भाषा टिकून राहिली आणि १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी पाश्चात्त्य परंपरेतील ब्रह्मचर्याचा नियम कायम ठेवला. परिवर्तन सलग नव्हते, हे यावरून दिसते.

१९८१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी विवाह आणि ब्रह्मचर्य हे माणसाच्या प्रेमाच्या पाचारणाचे दोन मार्ग असल्याचे प्रतिपादिले. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने गुरुदीक्षा व विवाह या दोन संस्कारांचा एकत्र विचार केला. इतर संस्कार प्रामुख्याने व्यक्तीच्या स्वतःच्या तारणासाठी, तर हे दोन संस्कार इतरांच्या तारणासाठी आहेत, अशी ही मांडणी आहे. धर्मगुरू समाजासाठी आणि दांपत्य परस्परांसाठी व अपत्यांसाठी आयुष्य वेचते. पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ च्या प्रबोधनपत्राने या दोहोंच्या तुलनेत श्रेष्ठ-कनिष्ठतेची भाषा टाळावी, अशी भूमिका घेतली. त्याआधी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, संत तेरेझाचे आईवडील लुई व झेली मार्टिन यांना दांपत्य म्हणून एकत्रितपणे संतपद देण्यात आले. दोघांनीही तारुण्यात व्रतस्थ जीवनाची इच्छा धरली होती आणि दोघांनाही प्रवेश नाकारला गेला होता.

व्यवहारातही दोन मार्ग काहीसे जवळ आले. १९६७ मध्ये कायम उपदीक्षितांचे, म्हणजेच डीकनांचे, पद पुनरुज्जीवित झाले. ते विवाहित पुरुषांना खुले असून मुंबई सरधर्मप्रांतातही असे विवाहित डीकन सेवा करतात. मात्र २०१९ च्या ॲमेझॉनविषयक धर्मसभेत विवाहित पुरुषांना गुरुदीक्षा देण्याची सूचना होऊनही पोप फ्रान्सिस यांच्या २०२० च्या पत्रात ती स्वीकारली गेली नाही. स्त्रियांना गुरुदीक्षा देता येणार नाही, ही भूमिका १९९४ मध्ये पुन्हा स्पष्ट करण्यात आली. विशिष्ट परिस्थितीत पुरुषाला दोन्ही संस्कार प्राप्त होऊ शकतात, स्त्रीला त्यांपैकी एकच, ही विषमता त्यामुळे कायम आहे.

निष्कर्ष

१. गुरुदीक्षा व विवाह या दोन्हींना पाचारण मानण्याची कॅथलिक शिकवण दीर्घ विकासातून घडली आहे. ट्रेंट परिषदेतील श्रेष्ठ-कनिष्ठ भावापासून अलीकडच्या समभावापर्यंतचा हा प्रवास एकरेषीय नव्हता.

२. या प्रवासातील सातत्याचा धागा म्हणजे स्वेच्छेचे तत्त्व होय. उच्चनीचता मानणाऱ्या ट्रेंटनेही विवाह आणि मठप्रवेश यांतील सक्ती सारखीच निषिद्ध ठरविली होती.

३. गोवा व वसईच्या इतिहासात हे तत्त्व वंश, जात आणि लिंगभाव यांच्या अडथळ्यांवर वारंवार अडखळले. गोन्सालो गार्सिया व मातेउश द कास्त्रो यांना साद ऐकू आली, परंतु जवळचे दार बंद होते. रोझा मारिया यांच्या बाबतीत साद होती की नाही, हेही इतिहासाने विचारले नाही.

४. मराठवाड्यातील वारकरी गृहस्थ परंपरा आणि संत फ्रान्सिस द साल यांचा विचार यांत स्वतंत्रपणे आलेले साम्य आहे. विठ्ठलपंत व फारिया यांची तुलना मात्र संस्थात्मक लवचिकतेतील भेद दाखविते.

५. कोणता मार्ग श्रेष्ठ, या जुन्या प्रश्नापेक्षा तो मार्ग कोणी, कितपत मोकळेपणाने निवडला, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक फलदायी ठरतो. रुक्मिणी, रोझा मारिया आणि लक्ष्मीबाई या तीन स्त्रियांपैकी केवळ एकीचेच उत्तर तिच्या स्वतःच्या शब्दांत उपलब्ध आहे. उरलेल्या दोघींचे मौन हे पाचारणाच्या इतिहासातील सर्वांत मोठे अपूर्ण प्रकरण होय.